दिव्यात तेल होतं का?

हस्तलिखित दोनशेपानी वहीत होतं, निळ्या शाईत, पानाच्या एकाच बाजूला. अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या ताईंनी चार उन्हाळे बसून लिहिलेली मुलांची कादंबरी. काळ १९४२-४३. जागा अमळनेर आणि बोरी नदीच्या काठचं एक खेडं. नायिका नऊ वर्षांची सोनी, वडील मिलमध्ये कामाला. हे सगळं आजीने सांगितलेलं आहे, असं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. आजी नव्वदीच्या घरात आहेत आणि अजून ओट्यावर बसून शेंगा फोडतात.

मी जळगावला राहतो. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो. मुलांसाठी लिहिलेली ऐतिहासिक हस्तलिखितं ओळखीपाळखीतून माझ्याकडे वाचायला येतात. दहातल्या नऊंत मावळे असतात, घोडे असतात, शेवटी तोफा वाजतात. या वहीत लढाई होती आणि रणांगण कुठेच नव्हतं. घासलेट होतं, ठिगळ होतं, कंट्रोलच्या दुकानापुढची रांग होती. एवढ्यासाठीच मी ती एका बैठकीत वाचली. अडलो तेविसाव्या पानावर.

तिथे असं होतं: "घासलेट संपून चार दिवस झाले होते. विमानं येतील म्हणून बाबांनी खिडकीच्या काचांना काळे कागद चिकटवले. आईने दिवा मालवला. सोनी खाटेखाली शिरली आणि गोधडीचं टोक तोंडात कोंबून रडायला लागली."

घासलेट चार दिवसांपूर्वीच संपलं होतं, तर आईने मालवलं काय? दिवाच लागणार नव्हता, तर कागद कशासाठी? आणि बोरीकाठच्या खेड्यात, मातीच्या धाब्याच्या घराला, १९४२ साली खिडकीची काच आली कुठून? तिथे फार तर झरोका असायचा.

ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, आजीने हे मला शंभरदा सांगितलंय. मी पदरचं काहीच घातलेलं नाही." माझा त्यांच्यावर विश्वास होता. म्हणून तर हे प्रकरण सुटायला आठ महिने लागले. खोटं लिहिलेलं चटकन सापडतं. खऱ्या आठवणी एकमेकींत मिसळल्या असल्या की सुई कुठे टोचायची ते कळत नाही.

वहीतल्या लढाया

मी पहिली गोष्ट केली ती अशी, की वहीतली प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदावर काढली आणि तिच्यापुढे साल लिहायला बसलो. भोकाचा पैसा, १९४३. इथे काही शंका नव्हती. लाल ज्वारीची भाकरी, "चिकट आणि जनावराच्या वासाची": ही मिलो. अमेरिकेतून आलेली ही ज्वारी साठीच्या दशकात आणि मग बहात्तरच्या दुष्काळात आपल्याकडच्या लोकांनी रेशनवर घेतली आणि नाक मुरडत खाल्ली. १९४३ साली अमेरिकेची ज्वारी खानदेशात येण्याचं काही कारण नव्हतं. सोमवारी संध्याकाळी चूल न पेटवणं: हे १९६५. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं होतं. आईने पाटल्या उतरवून संरक्षण निधीला दिल्या: हे १९६२, चीनची लढाई. भुसावळहून मामाचं पाकीट आलं आणि त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जास्तीचं तिकीट होतं: हे तर तारखेनिशी सांगता येतं. बांगलादेशी निर्वासितांसाठी ते तिकीट १५ नोव्हेंबर १९७१ पासून लावावं लागायचं आणि ३१ मार्च १९७३ ला बंद झालं. १९४२ साली मुळात पाच पैसे हा हिशेबच नव्हता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. दशमान नाणी आली १९५७ साली.

एक चूक खास अमळनेरची होती. सोनी शाळेतून येताना तिला "तुपाच्या कारखान्याचा वास" यायचा. अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी नोंदली गेली २९ डिसेंबर १९४५ ला, म्हणजे लढाई संपल्यावर. तिचीच पुढे विप्रो झाली. आजीला तो वास आयुष्यभर आला असणार, त्यामुळे तो लहानपणातही शिरला. वासाला साल नसतं.

कागद पसरून बसलो तेव्हा लक्षात आलं की वहीत एक लढाई नाही, चार आहेत. दुसरं महायुद्ध, चीन, पासष्ट आणि एकाहत्तर. आजींनी त्या चारही स्वयंपाकघरातून पाहिल्या. तिथून चारही सारख्याच दिसल्या असणार: काहीतरी मिळेनासं होतं, पुरुष हळू आवाजात बोलतात, आणि पोरांना गप्प बसवावं लागतं.

माझी रेघ

इथे माझी चूक सांगितली पाहिजे, कारण या प्रकरणाला वळण तिच्यामुळे मिळालं.

वहीत एका ठिकाणी लिहिलं होतं की लढाईत मिलचा भोंगा एक तास आधी वाजायला लागला. सोनीचे वडील अंधारातच घराबाहेर पडायचे. शाळेची घंटाही लवकर व्हायची आणि सोनी म्हणायची की सूर्य उशिरा उगवायला लागलाय. मी त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, "कल्पनाविलास. काढावा."

पुढे दोन महिन्यांनी दुसरंच काहीतरी शोधताना सापडलं, की १ सप्टेंबर १९४२ ला हिंदुस्थानातली घड्याळं खरोखरच एक तास पुढे केली होती. ती १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तशीच होती. दिवसाउजेडी काम जास्त व्हावं आणि वीज वाचावी म्हणून. घड्याळ तासभर पुढे गेलं की सहाचा भोंगा खरं तर पाचलाच वाजणार. सोनीचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. सूर्य उशिरा उगवत होता.

मी खोडरबर घेऊन रेघ पुसली. ती नीट पुसली गेली नाही, अजून दिसते. त्या दिवशी ताईंना फोन करून सांगितलं, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजी म्हणते, भोंगा घंटाभर आगोदर वाजाले लागना, आंधारामाच बाप मिलमा जाये. मी तर तेच लिहिलं होतं."

यातून मी कामाची रीत बदलली. जे चुकीचं वाटतं ते आधी काढायचं नाही. त्याला साल सापडतं का ते बघायचं, सापडलं नाही तर आजीला विचारायचं, आणि तरीही नाहीच जमलं तर मग काढायचं. मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या वह्या तपासताना आम्हा मास्तर लोकांचा हात लाल पेनाकडे फार लवकर जातो.

१९४३ चा अंधार

आता तेविसावं पान. त्यात दोन अंधार होते आणि ते वेगवेगळे करायचे होते.

पहिला अंधार घासलेटाचा. हा का पडला, हे मुलांना सांगायचं तर जपानपासून सुरुवात करावी लागते, आणि मुलं ते आवडीने ऐकतात. आपल्याकडचं घासलेट बऱ्याच प्रमाणात ब्रह्मदेशातून यायचं. १९४२ च्या एप्रिलात जपानी फौजा जवळ आल्या, तेव्हा माघार घेणाऱ्या इंग्रजांनीच तिथल्या तेलविहिरी उडवून दिल्या. रंगून आधीच पडलं होतं. तिथलं तेल थांबलं, जे उरलं ते फौजेकडे गेलं, आणि अमळनेरच्या वाण्याकडची बाटली भरेनाशी झाली. हजार कोसांवर विहिरी पेटल्या आणि आपल्या देवळीतली चिमणी विझली. कार्यकारणाचा एवढा सरळ धागा पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

मग लोक काय करायचे? एरंडेलाची पणती लावायचे, दिवेलागणीआधीच जेवून घ्यायचे, नाहीतर चांदण्यात बसायचे. या अंधारात भीती नव्हती, कटकट होती. सुईत दोरा ओवता येत नाही, भाकरी करपली ते दिसत नाही, पोरं एकमेकांच्या ताटातलं ओढतात.

खानदेशासाठी याहून बोचरी गोष्ट कापडाची होती. आपला आखूड धाग्याचा कापूस जपान पूर्वी मोठ्या प्रमाणात घ्यायचा. डिसेंबर १९४१ मध्ये जपान लढाईत उतरला आणि ते गिऱ्हाईक एका दिवसात शत्रू झालं. कापूस पडून राहिला. सरकार म्हणायला लागलं, कापूस कमी करा, धान्य पेरा. आणि त्याच वेळी गिरण्यांचा माग फौजेच्या कापडात गुंतलेला, त्यामुळे बाजारात लुगडं मिळेना. १९४३ च्या जूनमध्ये कापडावर नियंत्रण आलं आणि कंट्रोलचं कापड हा शब्द घरोघर शिरला. घरात कापसाची गंजी आणि अंगात ठिगळाचा झगा, हे चित्र वहीत एका ओळीत उरकलं होतं. मी ताईंना म्हटलं, यावर अख्खं प्रकरण लिहा. सोनीला कापसावर झोपू द्या. तिला विचारू द्या की आपल्याकडे एवढा कापूस आहे तर माझ्याकडे दुसरा झगा का नाही. बापाला उत्तर देता येऊ नये. त्यांनी लिहिलं, आणि माझ्या मते वहीतलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच झालं.

भोकाच्या पैशाचं सांगायचं राहिलं. तांबं वाचवायचं म्हणून १९४३ पासून सरकारने पैशाला मधोमध भोक पाडलं. आजींकडे असे सात पैसे आहेत, सुतळीत ओवलेले. ताईंनी त्यातला एक मला दाखवायला आणला होता. तळहातावर ठेवला तर वजन जाणवत नाही. जुना ढब्बू पैसा त्याच्या दुपटीहून जड. भोकामुळे राजाच्या चेहऱ्याला जागा उरली नाही, वरच्या अंगाला नुसता मुकुट आहे. भोकाची कड आतून गुळगुळीत झालेली, दोऱ्याने घासून घासून. आजी सांगतात की पोरं हे पैसे करदोड्यात ओवायची आणि पळताना ते वाजायचे.

ताई तो पैसा शाळेत घेऊन गेल्या होत्या. सहावीच्या वर्गात फिरवला. प्रत्येक मुलाने आधी भोकाला डोळा लावला, मग विचारलं, "यातलं तांबं कुठे गेलं?" आम्ही दोघं मिळून महायुद्धावर जे काही सांगू पाहत होतो, ते सगळं या एका प्रश्नात होतं. एका मुलाने राजाचं डोकं कुणी कापलं असंही विचारलं. ते वाक्य ताईंनी सोनीच्या तोंडी घातलं. मी म्हटलं, जरा जास्तच चपखल होतंय. त्या म्हणाल्या, "सर, मुलाने म्हटलंय, मी नाही." राहू दिलं.

लढाई कुणाची

एक मतभेद मोठा झाला. ताईंनी इंग्रजीतली या धर्तीची मुलांची पुस्तकं वाचली होती, आणि तिकडचा साचा वहीत उतरला होता. तो साचा असा: शहरावर बॉम्ब पडणार म्हणून पोरांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवून त्यांना रेल्वेने खेड्यात पाठवतात. इंग्लंडात १ सप्टेंबर १९३९ पासून हे खरंच झालं, लाखो मुलं गेली. वहीत मुंबईचा एक मुलगा असाच गळ्यात चिठ्ठी घेऊन अमळनेर स्टेशनवर उतरतो आणि अनोळखी घरी राहतो.

६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले. किनाऱ्यावरच्या शहरांतून त्या वर्षी माणसं बाहेर पडली, मुंबईतूनही. पण आपल्याकडे पोर गळ्यात चिठ्ठी घालून जात नाही. ते आईबरोबर, वळकटी आणि लाडवांच्या डब्यासकट, मामाकडे जातं. मामी चार दिवस कौतुक करते आणि पाचव्या दिवसापासून तांदळाचा डबा वर ठेवते. ही आपली गोष्ट आहे. ताईंनी चिठ्ठी काढली, मामी आणली. मामी फार छान उतरली आहे, बहुधा ओळखीची असावी.

पण खरा प्रश्न चिठ्ठीचा नव्हता. इंग्रजी पुस्तकात घर लढाईच्या बाजूने असतं. बटाटे लावायचे, भंगार गोळा करायचं, सगळं जिंकण्यासाठी. १९४२ च्या खानदेशातलं घर कुणाच्या बाजूने होतं? त्याच वर्षी ९ सप्टेंबरला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले. तो पंधरा वर्षांचा होता. अमळनेरातही बेचाळीसचं वारं जोरात होतं, साने गुरुजींनी जिथे मुलांना शिकवलं ते हे गाव. दुसरीकडे १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली होती. फौजेत गेलेल्यांच्या घरी मनीऑर्डरी यायच्या, आणि त्या घरातल्या बाईला लढाई लवकर संपावी असं वाटायचं ते वेगळ्या कारणाने. वॉर फंडाची वर्गणी मामलेदाराचा माणूस घेऊन जायचा. वर्गणीला नाही म्हणता यायचं नाही आणि मनापासून देणारेही थोडेच.

म्हणूनच पाटल्यांचा प्रसंग १९४३ मध्ये ठेवता येत नव्हता. बाईने आपल्या हाताने पाटल्या उतरवून द्याव्यात हे बासष्टमध्ये घडलं, कारण ती लढाई आपली होती. वीस वर्षांत एकाच बाईचा हात कसा बदलला, हे सांगायचं तर दोन्ही प्रसंग आपापल्या जागी पाहिजेत. ताईंना हे पटायला वेळ लागला. त्यांना पाटल्या सोडवत नव्हत्या. शेवटी मी म्हटलं, "काढू नका, नंतर लिहा. दुसऱ्या पुस्तकात." त्या वेळी हे मी वेळ मारून नेण्यासाठी म्हटलं होतं.

नंदुरबारबद्दल एक छोटी गोष्ट. पहिल्या खर्ड्यात सोनी आगगाडीने नंदुरबारला जाते आणि गोळीबार डोळ्यांनी पाहते. नऊ वर्षांच्या पोरीला कोण कशाला नेईल? सुरत-भुसावळ लाइनीवर नंदुरबार आणि अमळनेर दोन्ही आहेत, बातमी गाडीतल्या माणसांबरोबर येईलच. आता सोनी ओट्यावर बसलेली आहे. पाहुणा पाणी पिता पिता थांबतो आणि म्हणतो, "पोरं होती हो." पुढे मोठी माणसं तिला आत जायला सांगतात. तिला एवढंच कळतं. वाचणाऱ्या मुलाला तेवढंच पुरतं.

आजींना विचारलं

तेविसावं पान तरी अडलेलंच होतं. खाटेखाली रडणारी सोनी ताईंना सोडायची नव्हती आणि मलाही नाही. कागद काढले तर भीती जाते, भीती गेली तर ती रडते कशाला?

शेवटी मी अमळनेरला गेलो. आजी ओट्यावर होत्या. मी वहीतला परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली. मग मी विचारलं, "आजी, त्या रात्री दिव्यात तेल होतं का?"

आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बाजारातून सडकी वांगी आणली होती. "तेल कसानं? तठे ते बल्ब व्हता."

ताई म्हणाल्या, "बल्ब? आजी, तुझ्या लहानपणी?"

"मना लहानपणी कसानं? भुसावळले. तुना मामाआजाना क्वार्टरमा." आणि शेंग फोडत, अगदी सहज: "तुनी आत्या रडे. मी नही."

ताईंच्या हातातली वही तशीच राहिली. चार वर्षं त्या ज्या पोरीला आजी समजून लिहीत होत्या, ती त्यांची आत्या होती. साल १९७१, डिसेंबर. आजी सदतीस-अडतीस वर्षांच्या होत्या, मुलांना घेऊन भावाकडे भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये गेल्या होत्या, आणि ३ तारखेला लढाई सुरू झाली. क्वार्टरला काचेची खिडकी होती. विजेचा दिवा होता. भुसावळात भीती वाटावी असं पुष्कळ होतं: एवढं मोठं यार्ड, १९४९ पासूनची ऑर्डनन्स फॅक्टरी, शेजारी वरणगावला १९६४ ची दुसरी. १९४२ साली यातलं फक्त यार्ड होतं.

त्या संध्याकाळी एका गोष्टीच्या दोन झाल्या. एक अंधार तेल नसल्याचा आणि दुसरा दिवा असून झाकल्याचा. पहिल्यात पोर कुरकुरते. दुसऱ्यात भेदरते, कारण बटण समोर दिसतंय, दाबलं तर उजेड पडेल, आणि कुणी दाबू देत नाही. पहिला अंधार वाण्याने आणला, दुसरा बापाने. दोन्ही अंधार एका पोरीच्या अंगावर घातले होते, म्हणून ते पान वाचताना खोटं वाटत होतं, जरी त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

आजींनी हे मुद्दाम मिसळलं नव्हतं. त्या सांगताना "पोरगी रडे" एवढंच म्हणायच्या. कुठली पोरगी, ते ऐकणारीने ठरवलं. नातीला आजीच्या गोष्टीत आजीच लहान हवी असते.

पुढे काय ठरलं

कादंबरीचे दोन भाग झाले. पहिला सोनीचा, १९४२ ते ४५: भोंगा, घासलेट, कापूस, भोकाचा पैसा. दुसरा सोनीच्या लेकीचा, १९७१ चा: काळे कागद, मामाच्या पाकिटावरचं पाच पैशांचं तिकीट, वरचा अर्धा भाग काळा केलेले गाड्यांचे दिवे, आणि १६ डिसेंबरला ढाका पडल्यावर यार्डातल्या सगळ्या इंजिनांनी एकदम शिट्या दिल्या तो प्रसंग. शिट्यांचं आजींनी सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून खात्री झालेली नाही, म्हणून ते सोनीच्या लेकीच्या तोंडी ठेवलंय, निवेदकाच्या नाही. मधली पंचवीस-सव्वीस वर्षं एका लहानशा प्रकरणात आहेत आणि पाटल्या तिथे आल्या. म्हणजे वेळ मारून नेलेलं माझं वाक्य खरं झालं.

सोमवारचा उपास कापला. प्रसंग चांगला होता, पण आणखी एक लढाई झाली असती आणि मुलं गोंधळली असती. मिलोची भाकरी ताईंनी हट्टाने दुसऱ्या भागाच्या शेवटी ठेवली आहे, बहात्तरच्या दुष्काळाची चाहूल म्हणून. मला ती शेपटी वाटते. पुस्तक त्यांचं आहे.

भाषेवरून थोडं झालं. संवाद अहिराणीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, हे आधीपासून होतं. पुण्याकडच्या एका वाचकाने संवादांखाली अर्थ द्या असं सुचवलं. ताईंच्या वर्गातल्या मुलांना विचारलं तर ती म्हणाली, अर्थ दिला तर पुस्तक अभ्यासाचं वाटेल. दिला नाही. "तेल कसानं?" कळायला टीप लागत नाही.

दुसरा भाग तयार झाल्यावर ताईंनी तो आत्याला वाचायला पाठवला. आत्या आता साठीच्या पुढे, नाशिकला असतात. आठ दिवस काही उत्तर नाही. मग एका रात्री फोन आला. ताईंनी स्पीकरवर टाकला, मी योगायोगाने तिथेच होतो.

आत्या म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे गं. पण कागद काळे नव्हते. मामाने माझी चित्रकलेची वही फाडली, त्याला काजळी आणि खळ फासली आणि ते कागद चिकटवले. मी लढाईला घाबरून रडत नव्हते. वहीत माझा मोर होता."

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग ताईंनी पेन शोधलं आणि विचारलं, "आत्या, मोर खिडकीच्या कुठल्या काचेवर आला होता?"

"खालच्या. डावीकडच्या. आतल्या बाजूने पिसारा दिसायचा, दिवा लावला की."